एक हात प्रायमर, दोन हात रंग... आणि कपाटामागची भिंत

‘चौदा हजार.’

‘एका बेडरूमचे?’

‘मटेरियल-लेबर सगळं धरून, मॅडम. सामान हलवायचे वेगळे.’

फोनवरचा कॉन्ट्रॅक्टर अगदी शांतपणे बोलत होता. मी नव्हते. मी फ्रीलान्सर आहे. म्हणजे जिचे पैसे कायम कुणाच्या तरी अकाउंट्स डिपार्टमेंटमध्ये ‘प्रोसेसमध्ये’ असतात, अशी मुलगी. चौदा हजारात माझा एक अख्खा महिना निघतो. बरं, घर काही माझं नाही. कर्वेनगरमधला भाड्याचा फ्लॅट, दोन बेडरूम, एक माझी, एक रूममेटची. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट चौथ्यांदा रिन्यू झालेलं.

मग रंगाचं खूळ डोक्यात शिरलं कुठून? एका व्हिडिओ कॉलमधून. दिल्लीच्या एका एडिटरबाई स्टोरी सोडून माझ्या पाठीमागे बघत राहिल्या आणि काळजीनं म्हणाल्या, ‘आर यू इन अ हॉस्पिटल?’

नव्हते हो! स्वतःच्या बेडरूममध्येच होते. फक्त मागची भिंत तशी होती. कधीकाळी क्रीम असलेलं डिस्टेंपर, ट्यूबलाइटखाली पिवळट हिरवं दिसणारं. डोक्याच्या उंचीवर आधीच्या भाडेकरूंच्या तेलाचे गोल डाग. कॉल संपला, लॅपटॉप मिटला आणि ठरवलं. आपणच रंगवायची.

मालक काकांना फोन केला. काका रिटायर्ड बँकवाले. ‘बाहेरचा माणूस नको आणि उगाच भडक काही नको,’ ते म्हणाले. ‘आणि हे बघ, भिंत खराब झाली तर डिपॉझिटमधून कापीन हं.’ डिपॉझिट साठ हजार. तसंही ॲग्रीमेंटमध्ये लिहिलेलंच होतं, की सोडून जाताना एक महिन्याचं भाडं रंगापोटी कापलं जाईल. पुण्या-मुंबईत भाड्यानं राहिलेल्या प्रत्येकाला हे कलम पाठ असेल. आपण भिंतीला बोटही न लावता चार वर्षं काढायची आणि तरी रंगाचे पैसे द्यायचे. मग निदान रंग तरी बघून घेऊ की!

आजोळी, वाईजवळच्या गावात, दसऱ्याआधी चुना लावायचे तेव्हा इतका विचार कुणी करायचं नाही. पत्र्याच्या पिंपात चुन्याची कळी, त्यावर पाणी, आणि मग ते जे काही खदखदायचं! आम्हा पोरांना दहा फूट लांब उभं करायचे. गार झाला की गाळायचा, थोडा डिंक, चिमूटभर नीळ आणि कुंचा हातात घ्यायचा. लावताना भिंत ओली, मळकट दिसायची. दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख पांढरी. कारण आता समजतं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा चुनखडी होतो, म्हणून पांढरा पडतो. शिवाय तो पाण्याची वाफ आरपार जाऊ देतो. भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट असते. ही दुसरी गोष्ट मला तेव्हा माहीत असती, तर या लेखातला अर्धा मनस्ताप वाचला असता.

असो. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलानं शेडकार्ड पुढे केलं आणि अर्धा तास गेला. मंडळी, एक सांगते. दुकानात शेड फायनल करू नका. तो टपालाच्या तिकिटाएवढा तुकडा भिंतीवर गेला की किमान एक पायरी गडद वाटतो. शिवाय दुकानातला उजेड वेगळा, तुमच्या खोलीतला वेगळा. माझ्या ट्यूबखाली सुंदर दिसणारा राखाडी, पिवळ्या एलईडीखाली चक्क चिखल दिसत होता. मी तीन सॅम्पल आणली, कार्डबोर्डावर दोन-दोन हात दिले आणि ते तुकडे दोन दिवस खोलीभर फिरवले. सकाळी खिडकीजवळ, रात्री दिव्याखाली. शेवटी तीन भिंतींना ताकासारखा पांढरा आणि पलंगामागच्या एका भिंतीला पेरूच्या पानाच्या उलट्या बाजूचा असतो ना, तो फिका हिरवा. शेडकार्डवर त्याचं नाव एखाद्या परफ्यूमसारखं होतं. मी पेरूचं पान म्हणते.

मग गणित. खोली दहा बाय अकरा, उंची साडेनऊ. चार भिंतींची बेरीज बेचाळीस फूट, गुणिले साडेनऊ, म्हणजे जवळजवळ ४०० चौरस फूट. दार-खिडकी वजा केली की ३६० धरा. साधं इमल्शन दोन हातांत लिटरमागे ६०-६५ चौरस फूट जातं असं दुकानदार म्हणाला. म्हणजे सहा लिटर. डब्यावरचा आकडा यापेक्षा गोड असतो, पण तो गुळगुळीत भिंतीचा असतो, आपल्या भिंतीचा नाही. छताचे ११० चौरस फूट मी सोडून दिले. मानेचा विचार केला.

एक गोष्ट मात्र मी शहाण्यासारखी केली. सकाळी साडेआठला मजूर अड्ड्यावर गेले आणि एका दिवसाच्या हजेरीवर एक रंगारी ठरवला. रंगवायला नाही, शिकवायला. पन्नाशीचे मामा, मूळचे लातूरकडचे. त्यांना दोनदा समजावून सांगावं लागलं. ‘म्हणजे मी काम करायचं नाही?’ ‘नाही मामा, मी करते, तुम्ही सांगा.’ त्यांनी हजार रुपये आधीच खिशात घातले. बहुधा मी मध्येच भानावर येईन असं वाटलं असावं.

मामांनी डब्याचं झाकणसुद्धा उघडू दिलं नाही. आधी भिंतीवरून तळहात फिरवला आणि मला दाखवला. पांढरा भुगा. ‘ह्याच्यावर तुमचा भारीतला रंग लावला तरी सालपटं निघणार. भिंतीला नाही, भुग्याला चिकटतो तो.’ जुनं डिस्टेंपर असं खडूसारखं सुटायला लागलं की ते पाण्यानं धुऊन, पत्र्यानं खरवडून काढायचं. नवीन रंग जुन्या भिंतीवर नाही, घट्ट भिंतीवर बसतो, हा त्यांचा फंडा. मग खिळ्यांची भोकं आणि तडे लांबीनं भरायचे. दुकानात तिला पुट्टी म्हणतात, मामांच्या तोंडी लांबीच. पातळ थर, वाळू द्यायचा, पुन्हा पातळ थर. जाड भरली की वाळताना तडकते. मग १८० नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी ३२०.

घासताना मास्क घाला बरं का. मीठ-मसाल्याच्या डब्यापासून पापण्यांपर्यंत सगळीकडे पिठासारखी धूळ बसते. आणि तुमच्या दाराला, खिडकीच्या चौकटीला खूप जुना ऑइल पेंट असेल तर तो कोरडा घासूच नका. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा सक्तीची झाली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगात शिसं किती आहे हे तुम्हाला-मला बघून कळत नाही, आणि घरात लहान मूल असेल तर ती धूळ फार वाईट. पाणी मारून घासा, ओल्या फडक्यानं पुसा. मामा स्वतः मात्र आयुष्यभर बिनमास्कचे घासत आलेत. मी मास्क पुढे केला तर म्हणाले, ‘आता काय उपयोग.’ पण घातला.

दुपारी चहानंतर आम्ही दोघांनी कपाट ओढलं. मागे एक मोठ्ठं पोस्टर. बर्फाचे डोंगर, निळं तळं. चार वर्षं मला पत्ताच नाही की माझ्या कपाटामागे स्वित्झर्लंड आहे! पोस्टर काढलं तर खाली पराती एवढा डाग. कडेनं तपकिरी, मध्ये पांढरी लव. बोटानं ओढली तर मिठासारखी गळली.

मामांनी पाठीमागच्या हातानं भिंत चाचपली, जसं ताप बघतात. मग वर बघितलं. ‘वरती बाथरूम हाय का?’

होतं.

‘हिला आता हात लावू नका. हा खार आहे. पाणी येतंय, पाण्यासंगं प्लास्टरातला खार बाहेर येतोय. आधी वरचं बघा. मग हिला सुकू द्या, मग रंग.’

मी मान डोलावली. मामा पाच वाजता गेले.

पुढचे तीन दिवस मी जे केलं त्यातला बराचसा भाग मजेचा होता, खोटं कशाला बोलू. स्विचबोर्डचा एमसीबी बंद करून प्लेटी सैल करणं, कडांना टेप, फरशीवर जुन्या चादरी. प्रायमरचा एक हात, रात्रभर विश्रांती. मग रंग. आधी ब्रशनं कोपरे आणि कडा काढायच्या, मग लगेच, त्या ओल्या असतानाच, रोलर. एक भिंत सुरू केली की कोपऱ्यापर्यंत संपवूनच थांबायचं. मध्ये फोन घेतला की तिथे पट्टा दिसणार. मी घेतला. दिसतो. पहिला हात वाळल्यावर मला रडू यायचं बाकी होतं, इतकी ती भिंत ढगाळ आणि ठिगळांची दिसत होती. मामांनी बजावून सांगितलं होतं, ‘पहिल्या हाताला भिंतीकडं बघायचंच नाही.’ चार-पाच तासांनी दुसरा हात दिला आणि काय सांगू... खोली एकदम मागे सरकली. मोठी झाली. १९५४मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी एशियन पेंट्ससाठी काढलेला तो कपाळावर बट आणि हातात गळता ब्रश घेतलेला गट्टू आठवतो? रात्री अकरा वाजता आरशात तोच उभा होता.

पण कपाटामागची भिंत?

ती मी रंगवली. हो. मामांनी नको म्हटलेली. कारणं तयार होती. एक, दसरा चार दिवसांवर होता. दोन, कपाट मधोमध उभं होतं आणि मी त्याला वळसा घालून झोपत होते. तीन, आणि खरं कारण हेच, मागे कपाटच तर येणार, कोण बघतंय? खार खरवडला, लांबी भरली, प्रायमर जरा सढळ हातानं मारला, वर ताकाचे दोन हात. झकास दिसत होती. कपाट लावलं. एडिटरबाईंना मुद्दाम व्हिडिओ कॉल केला. ‘ओह, यू मूव्ड!’ असं त्या म्हणाल्या. त्या दोन शब्दांवर मी आठवडा काढला.

दिवाळीनंतर कपाटातल्या कुडत्यांना कुबट वास यायला लागला. मग कानातलं मागे पडलं म्हणून मोबाइलचा टॉर्च लावून वाकले. भिंतीला फोड आले होते. भाजल्यावर येतात तसे, पाण्यानं भरलेले. एकाला बोट लावलं तर इमल्शनची अख्खी कातडी हातात आली आणि मागून लांबीचा ओला लगदा. चुन्यातून ओल बाहेर पडते, इमल्शनची झिल्ली तिला अडवते. अडलेलं पाणी जाणार कुठे? आधी पराती एवढा असलेला डाग आता कपाटाएवढा होता. ‘भिंत खराब झाली तर डिपॉझिटमधून कापीन.’ काकांचा आवाज अगदी स्पष्ट ऐकू आला.

रूममेट हिंजवडीच्या आयटी कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. तिनं तीस सेकंदात सोल्यूशन दिलं. ‘कपाट परत लाव. मे महिन्यात ॲग्रीमेंट संपतंय. डिपॉझिट घ्यायचं आणि निघायचं. तुला कुठे माहीत होतं? तुझ्याआधीच्यांनी पण हेच केलं ना!’

केलंच होतं. स्वित्झर्लंड लावून केलं होतं. माझ्या आधी जे कोणी इथे राहिले, ते चांगली माणसं असतील, त्यांनाही साठ हजार महत्त्वाचे असतील. त्यांनी पोस्टर लावलं आणि मी चार वर्षं त्या भिंतीला उशी लावून झोपले. दर पावसाळ्यात सर्दी झाली की पुण्याच्या हवेला नावं ठेवली. रंग हे तर पोस्टरच की, जरा महागातलं. दोन रात्री मी कपाटाकडे बघत काढल्या. खरं सांगायचं तर पहिल्या रात्री रूममेटचं म्हणणं पटलं होतं. तिसऱ्या सकाळी काकांना भिंतीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, ‘रंगाऱ्यानं नको सांगितलं होतं. तरी मी लावला.’

दोन निळ्या टिका. उत्तर नाही. दिवसभर नाही.

रविवारी काका आले. हेल्मेट काखेत, चेहरा कर्ज नाकारणाऱ्या मॅनेजरचा. भिंत बघितली, नखानं खरवडली. ‘हे तू आलीस तेव्हा होतं?’ मी पोस्टर दाखवलं. मग त्यांनीच एक युक्ती सुचवली. प्लास्टिकचा तुकडा भिंतीच्या उघड्या भागावर चारी बाजूंनी टेपनं सीलबंद चिकटवायचा आणि दिवसभर ठेवायचा. थेंब प्लास्टिकच्या वरच्या बाजूला आले तर खोलीतली हवा दमट. आतल्या बाजूला आले तर पाणी भिंतीतूनच येतंय. दुसऱ्या दिवशी आतली बाजू दहीभाताच्या डब्याच्या झाकणासारखी ओली होती.

वर एक काकू एकट्या राहतात. त्यांना सगळं माहीत होतं. ‘प्लंबर म्हणाला, सगळी फरशी काढावी लागेल. पन्नास हजार सांगितले. मी घाबरले गं,’ त्या म्हणाल्या. म्हणजे वरपासून खालपर्यंत सगळेच घाबरून गप्प! इथे नियम माहीत असलेला बरा. हाउसिंग सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास, बाथरूम, सिंक यांतून होणारी आतली गळती त्या-त्या फ्लॅटमालकानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायची असते. पण हे वाक्य काकूंच्या दारात उभं राहून म्हणणं वेगळं. काकांनी ते म्हटलं नाही. त्यांनी ओळखीचा प्लंबर आणला. त्यानं नहाणीत रंगीत पाणी सोडलं आणि ते कुठून झिरपतंय ते शोधलं. नहाणी ट्रॅपचा जोड आणि भोवतालच्या फरशांच्या फटी. ट्रॅप बदलला, फटी भरल्या. पन्नास हजार नाही, सात हजार आठशे. काकू आठ दिवस शेजाऱ्यांकडे आंघोळीला जात होत्या.

आणि मग काहीच करायचं नव्हतं. हा रंगकामातला सगळ्यात अवघड भाग आहे आणि त्याचा व्हिडिओ कुणी बनवत नाही. फुगलेलं प्लास्टर काढून टाकलं, खार कोरड्या ब्रशनं झाडला (पाण्यानं धुतला तर तो विरघळून पुन्हा आत जातो) आणि वाट बघितली. कपाट खोलीच्या मधोमध, उघडी भिंत, समोर टेबलफॅन. दर रविवारी प्लास्टिकचा तुकडा. नोव्हेंबर ओला, डिसेंबरच्या मध्यापर्यंत ओला. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी पहिल्यांदा कोरडा निघाला. खात्रीसाठी मी अजून दोन रविवार थांबले. एवढा संयम मी कधी पेमेंटच्या बाबतीतही दाखवलेला नाही. असला तरी नाइलाजानं.

नवीन प्लास्टर, त्याला पाणी, मग त्याचं वाळणं. लांबी, पेपर, प्रायमर. शिल्लक रंग पुरणार नव्हता म्हणून त्याच कोडचा एक लिटर नवीन आणला, तर तो किंचित वेगळा निघाला! मशीनवर मिसळलेले दोन डबे हुबेहूब एक निघतीलच असं नाही. म्हणून सगळा रंग एकदम घ्या आणि सुरुवातीलाच एका बादलीत एकत्र करा. मी उरलेला आणि नवा मिसळला आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती एकच भिंत पुन्हा रंगवली. कोपऱ्यात शेड बदलली तर डोळ्याला कळत नाही. मधोमध बदलली तर पाहुण्यालाही कळते.

हिशोब? माझा एकूण खर्च, मामांची हजेरी धरून, सात हजार शंभर. प्लास्टरचे पैसे काकांनी दिले. मेमध्ये ॲग्रीमेंट रिन्यू करताना त्यांनी रंगापोटी एक महिना कापायचं कलम स्वतः पेनानं खोडलं. मी थँक्यू म्हणणार तेवढ्यात भाड्याच्या आकड्यापुढे पाचशे वाढवले. ‘खोली आता चांगली झालीय ना,’ म्हणाले. बँकवाले ते बँकवालेच.

वरच्या काकू गेल्या महिन्यात खोली बघायला उतरल्या. आता त्यांनाही बेडरूम करून हवी आहे. मी मामांना फोन लावला, पूर्ण कामासाठी, पूर्ण पैशांत. वर जाण्याआधी ते माझ्याकडे डोकावले. कपाट थोडं ओढायला लावलं, पाठीमागच्या हातानं भिंत बघितली. काही बोलले नाहीत. मग पेरूच्या पानाच्या भिंतीपाशी गेले, जवळ नाक नेलं आणि नखानं काहीतरी उचललं. रोलरचा केस.

‘नवा रोलर आधी धुवायचा, टेप लावून केस काढायचे. सांगितलं हुतं का नाही?’

सांगितलं होतं.